सहा युनिट कोणत्या ताटासाठी? जेवणाआधीच्या इन्सुलिनबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ५८, वजन ६४ किलो, मधुमेह १४ वर्षांपासून. रात्री दहाला ग्लार्जिन (दिवसभर संथपणे काम करणारे इन्सुलिन) २२ युनिट चालू आहे. सकाळची उपाशीपोटीची शुगर १०० ते ११५ येते, पण दुपारच्या जेवणानंतर २६०-२८० होते. आता डॉक्टरांनी रेग्युलर इन्सुलिन दिले आहे: नाश्त्याआधी ४, दुपारी ६, रात्री ६ युनिट. ते जेवणाच्या किती आधी टोचायचे, भात जास्त खाल्ला तर डोस वाढवायचा का, एकादशी-संकष्टीला काय करायचे, आणि शुगर खाली गेली तर काय?

आधी एक शंका दूर करतो, कारण ती घरात सगळ्यांच्याच मनात असते: “सकाळची शुगर चांगली आहे, मग आणखी इंजेक्शने कशाला?” रक्तात साखर दोन वाटांनी येते. एक यकृतातून, रात्रंदिवस थोडी थोडी. दुसरी ताटातून, दिवसातून तीन-चार वेळा, एकदम. ग्लार्जिन पहिल्या वाटेवर काम करते आणि तुमच्या आईच्या बाबतीत ते काम नीट होते आहे, सकाळचा आकडा तेच सांगतो. दुपारचा २८० खाली आणायला ग्लार्जिन वाढवले असते तर दुपार फारशी सुधारली नसती, उलट पहाटे तीनला शुगर ६० झाली असती. म्हणून डॉक्टरांनी योग्य तेच केले आहे.

आता मुख्य मुद्दा. जेवणाचे इन्सुलिन ताटासाठी असते. ‘शुगर १२० आहे, म्हणजे आज इंजेक्शन नको’ हा जितका चुकीचा विचार, तितकाच ‘सहा युनिट घेतले आहेत, आता काहीही खाल्ले तरी चालेल’ हाही. सहा युनिट कोणत्या ताटाला पुरतात हे आधी ठरले पाहिजे.

त्याचा अंदाज काढता येतो. दिवसभराचे एकूण इन्सुलिन २२ + ४ + ६ + ६ = ३८ युनिट. रेग्युलरसाठी ४५० ला या आकड्याने भागतात. उत्तर येते साधारण १२. म्हणजे एक युनिट अंदाजे १२ ग्रॅम कर्बोदके सांभाळते, आणि सहा युनिट ७२ ग्रॅम. (लिस्प्रो, अस्पार्ट अशा जलद इन्सुलिनसाठी ४५० ऐवजी ५०० धरतात.) हा आकडा फक्त सुरुवातीचा. प्रत्येकाचे शरीर तो थोडा बदलते, आणि एकाच माणसातही सकाळी इन्सुलिनची गरज जास्त असते. त्यामुळे नाश्त्याला हाच हिशेब तोकडा पडला तर आश्चर्य नाही.

७२ ग्रॅम म्हणजे ताटात काय? पंचवीस ग्रॅम कणकेचा पातळ फुलका सुमारे १७-१८ ग्रॅम कर्बोदके देतो. दोन फुलके ३५. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम, म्हणजे आमटीची लहान वाटी सपाट भरून भात घेतला तर २८-३०. अर्धी वाटी वरण ७-८. पालेभाजी, भेंडी, दोडका, कोबी, काकडीची कोशिंबीर यांचे फारसे मोजावे लागत नाही. दोन फुलके, एक वाटी भात, अर्धी वाटी वरण आणि भाजी-कोशिंबीर: हे झाले सहा युनिटचे ताट. बटाट्याची भाजी असेल तर ती मात्र मोजा, शंभर ग्रॅम बटाट्यात १७-१८ ग्रॅम येतात, म्हणजे एक फुलका कमी.

भाकरीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. “भाकरी शुगरला चालते” असे म्हणून दोन भाकऱ्या ताटात येतात. घरातली हाताने थापलेली ज्वारीची भाकरी ६० ते ८० ग्रॅम पिठाची असते. पिठाच्या दोन-तृतीयांशापेक्षा थोडी जास्त कर्बोदके धरली तर एक भाकरी ४२ ते ५५ ग्रॅम, म्हणजे अडीच-तीन फुलक्यांइतकी. ज्वारीत तंतू जास्त, पोट भरते, हे सगळे खरे. पण दोन भाकऱ्यांचे शंभर ग्रॅम सहा युनिटमध्ये बसत नाहीत. बाजरी आणि नाचणीचेही तेच. स्वयंपाकघरात ठेवायचा साधा डिजिटल काटा आणा आणि आठवडाभर पीठ, तांदूळ, पोहे वजन करून घ्या. आठ दिवसांत आईची नजरच तयार होईल, मग काटा रोज लागणार नाही.

नाश्त्याचे चार युनिट अंदाजे ४८ ग्रॅमचे आहेत. पन्नास ग्रॅम कोरडे पोहे ३८ ग्रॅम देतात. त्यावर बिनसाखरेचा, अर्धा कप दुधाचा चहा घेतला तर ५ ग्रॅम. हे बसते. पन्नास ग्रॅम रव्याचा उपमा जवळपास तितकाच. लहान इडली १० ग्रॅम धरा. पोहे आणि वर केळे असेल तर केळ्याचे २५ वाढले, आणि अकराला शुगर २२० दिसली तर दोष इन्सुलिनचा नाही. चहातली साखरही मोजायची: सपाट चहाचा चमचा ४-५ ग्रॅम. नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळेच्या चहासाठी इन्सुलिनचा वेगळा डोस नसतो, त्यामुळे त्या चहात साखर नको आणि सोबत बिस्किटेही नकोत.

मग भात जास्त झाला तर डोस वाढवायचा का? पहिले तीन आठवडे नाही. आधी ताट स्थिर ठेवा, डोसही स्थिर ठेवा आणि आकडे लिहा. ताट आणि डोस दोन्ही रोज बदलले तर कोणामुळे काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. ताट स्थिर असताना आकडे जुळले की मग डॉक्टरांना विचारून ‘दर १२ ग्रॅमला एक युनिट’ हा हिशेब दोन्ही बाजूंनी वापरता येतो: लग्नात जेवण मोठे असेल तर एक-दोन युनिट जास्त, ताप असून भूक नसेल आणि अर्धेच जेवण होणार असेल तर अर्धे. कमी करण्याची बाजू लोक विसरतात, आणि धोका तिथेच असतो.

आता वेळ. रेग्युलर इन्सुलिन टोचल्यावर कामाला लागायला अर्धा तास घेते, त्याचा जोर दोन ते चार तासांत सर्वांत जास्त असतो आणि असर सहा ते आठ तास रेंगाळतो. ताटातली साखर मात्र पंधरा-वीस मिनिटांत रक्तात येऊ लागते आणि तासा-दीड तासात शिखर गाठते. म्हणून रेग्युलर जेवणाच्या ३० मिनिटे आधी टोचायचे. पानावर बसताना टोचले तर दोन तासांनी २५० आणि पाच तासांनी ६५ असा दुहेरी त्रास होतो. आकडे पाहून वाटते डोस कमी पडतोय, मग वाढवला जातो आणि संध्याकाळी आईला घाम फुटतो. जेवणानंतर जास्त आणि पुढच्या जेवणाआधी कमी, असा नमुना दिसला की डोसाला हात लावण्याआधी अंतर तपासा.

लिस्प्रो (ह्युमॅलॉग), अस्पार्ट (नोव्होरॅपिड), ग्लुलिसिन (एपिड्रा) ही जलद इन्सुलिने दहा-पंधरा मिनिटे आधी घेतात, त्यांचा असर तीन ते पाच तासांत ओसरतो. ज्यांच्या जेवणाच्या वेळा हातात नसतात त्यांना ती सोयीची आहेत. महाग मात्र आहेत. रेग्युलर हे जुने आणि स्वस्त इन्सुलिन आहे म्हणून ते कमी दर्जाचे, असे समजू नका. ज्या घरात एकला पान वाढले जाते आणि नऊला पुन्हा वाढले जाते, तिथे ते उत्तम काम करते. त्याला शिस्त लागते एवढेच.

शिस्त म्हणजे नेमके काय? कुकरची शिट्टी झाली, भाजी झाली, पोळ्या लाटायला घेतल्या की टोचायचे. “बाबा आले की जेवू” अशी वाट पाहायची असेल तर बाबा दारात आल्यावर टोचा. टोचून झाल्यावर जेवण लांबणे हे या उपचारातले सर्वांत सामान्य संकट आहे. पंगतीत, लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात रेग्युलर घेऊन थांबू नका. पान समोर आल्यावरच टोचा आणि त्या दिवशी दोन तासांनंतरचा आकडा थोडा चढेल हे मान्य करा. एका वेळी २२० होणे परवडते, हॉलमध्ये चक्कर येऊन पडणे परवडत नाही. विसरले तर? जेवण संपता संपता आठवले तर घ्या. जेवून तास-दीड तास उलटला असेल तर तो डोस सोडा आणि पुढच्या जेवणाआधी शुगर बघा. दोन वेळचे एकत्र कधीच नाही.

टोचण्याआधी ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर आधी साखर, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ७० पार झाल्यावर पान वाढायचे आणि इन्सुलिन जेवायला बसताना, कमी मात्रेत. ही मात्रा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. ७० ते ९० असेल तर अर्धा तास थांबू नका, टोचून लगेच जेवा. ९० च्या वर असेल तर नेहमीप्रमाणे.

आणि २०० च्या वर असेल तर? इथे दुरुस्तीचा डोस येतो, आणि तो फक्त डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तरच. रेग्युलरसाठी १५०० ला दिवसाच्या एकूण युनिटने भागतात: १५०० ÷ ३८, म्हणजे एक युनिट सुमारे ४० ने शुगर खाली आणते. जेवणाआधी २२० आहे, आणायची १२० पर्यंत, फरक १००, तर दोन युनिट जास्त. अपूर्णांक नेहमी खालच्या बाजूला. हे फक्त जेवणाच्या डोसात मिळवायचे. जेवून दोन तास झाले, २४० दिसले, आणि काळजीने आणखी चार युनिट टोचले, असे करू नका. आधीचे सहा अजून शरीरात काम करतच असतात, त्यांचा जोर यायचा आहे. एकावर एक डोस साचतात आणि चार तासांनी शुगर कोसळते. रेग्युलरच्या दोन डोसांत किमान पाच तास हवेत. झोपताना दुरुस्तीचा डोस तर अजिबात नाही.

तपासणीचे वेळापत्रक जोडीने ठेवा: जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी एक. रोज तिन्ही जोड्या करायला स्ट्रिप फार लागतात, म्हणून सोमवारी नाश्ता, मंगळवारी दुपार, बुधवारी रात्र असे फिरते ठेवा. वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, आकडा, युनिट, ताट. ‘भाकरी दीड, पिठले, भात नाही’ एवढे पुरे. साधारण उद्दिष्ट जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत. आईला हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर हे थोडे सैल ठेवतील. जेवणाआधी आणि नंतरच्या आकड्यात ४०-६० ची वाढ असेल तर डोस आणि ताट जुळले आहेत. एकाच ताटावर सलग तीन वेळा वाढ ८०-१०० च्या पुढे गेली तर त्या वेळचा डोस एखाद्या युनिटने वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. एका आकड्यावरून काहीही बदलू नका. अपवाद एकच: शुगर ७० च्या खाली गेली आणि त्याचे कारण सापडले नाही, तर त्यासाठी जबाबदार असलेला डोस दुसऱ्याच दिवशी १० ते २० टक्के कमी करायचा असतो, सहाचे पाच. डॉक्टरांना तसे फोनवर कळवा.

तपासणीआधी हात साबणाने धुवा. आंब्याच्या दिवसांत हे विशेष सांगतो: हापूस चिरलेल्या बोटावर मीटर ३०० दाखवतो, आणि त्या ३०० वर कोणी इन्सुलिन वाढवले तर काय होईल याची कल्पना करा. अनपेक्षित मोठा आकडा आला की हात धुऊन, पुसून पुन्हा तपासा.

सगळ्यात जास्त जपायचे ते रात्रीच्या डोसाला. मराठी शहरी घरात रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊला होते. तेव्हा घेतलेल्या रेग्युलरचा जोर अकरा ते एकपर्यंत राहतो, शेपूट पहाटेपर्यंत, आणि त्याखाली ग्लार्जिन असतेच. सुरुवातीच्या आठवड्यात दोन रात्री गजर लावून पहाटे तीनला तपासा. १०० च्या खाली आढळले तर रात्रीचा डोस कमी व्हायला हवा. पहाटे घामाने भिजलेली गादी, भयानक स्वप्ने, सकाळी जड डोके, यांचा अर्थ बहुतेक वेळा रात्री शुगर खाली गेली होती असा असतो. शक्य असेल तर जेवण आठला आणा. बाकी काही न बदलता यानेच रात्र बरीच सुरक्षित होते.

आता सुई आणि बाटली. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि पेनची कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी इन्सुलिनची नळी) १०० युनिट प्रति मिलीची. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने ‘१०’ पर्यंत भरले तर शरीरात जातात फक्त ४ युनिट. उलट, पेनची कार्ट्रिज संपत आली म्हणून तिच्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने ‘१०’ पर्यंत ओढले तर जातात २५ युनिट. या चुकीने माणूस बेशुद्ध होतो. बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी एकमेकांशेजारी धरून वाचा, औषधाच्या दुकानातून नवी सिरिंज आणली की दुकानातच वाचा. कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच घालू नका.

दुसरा धोका तुमच्याच घरात आहे: ग्लार्जिन आणि रेग्युलर दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात. दुधाळ असते ते मिश्र किंवा एनपीएच (मध्यम वेळ टिकणारे इन्सुलिन). म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. रेग्युलरला जाड रबर बँड गुंडाळा, म्हणजे अंधारातही बोटांना कळेल, आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. एक देवघराजवळ, एक पलंगाशेजारी. रात्री झोपेच्या भरात ग्लार्जिनऐवजी २२ युनिट रेग्युलर गेले तर ते साडेतीन ताटांचे इन्सुलिन आहे. लगेच साखरेचे पाणी आणि जेवण द्या, डॉक्टरांना फोन करा आणि रुग्णालय गाठा. घरी बसून वाट पाहण्यासारखी ही चूक नाही. दोन्ही इन्सुलिने एका सिरिंजमध्ये मिसळायचीही नाहीत.

बाटलीतून भरताना जितके युनिट घ्यायचे तितकी हवा आधी बाटलीत सोडा, बाटली उलटी करा, मग ओढा. फुगे टिचकी मारून वर आणा आणि परत ढकला. पेन असेल तर दर वेळी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसतो का पाहा, मग डोस लावा. टोचल्यावर बटण दाबून ठेवून दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. नाहीतर त्वचेवर थेंब राहतो, आणि सहा युनिटमधला तो थेंब म्हणजे बऱ्यापैकी तूट.

जागा: रेग्युलरसाठी पोट सर्वांत चांगले, तिथून ते लवकर शोषले जाते. बेंबीपासून तीन बोटे सोडून. चार मिलिमीटरची पेनची सुई सरळ, चिमट न घेता; सिरिंजची सुई लांब असते, म्हणून चिमटीत त्वचा धरून. पोटाचे चार भाग करा, आठवड्याला एक भाग, आणि त्या भागात रोज एक बोट सरकत जा. अनेक वर्षे एकाच ठिकाणी टोचणाऱ्यांच्या पोटावर रबरासारख्या गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. गाठीतून इन्सुलिन कधी जाते, कधी जात नाही. शुगर एक दिवस ३००, एक दिवस ८०, आणि घरात पथ्यावरून भांडणे. डॉक्टरांकडे गेल्यावर कपडे सैल करून पोटावरून हात फिरवायला सांगा. गाठी सोडून ताज्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून त्या आठवड्यात तपासण्या वाढवा, डोस कदाचित कमी करावा लागेल.

शुगर खाली गेल्याची लक्षणे: हात थरथरणे, घाम, धडधड, अचानक भूक, ओठांभोवती मुंग्या, चिडचिड, असंबद्ध बोलणे. मीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल तर तपासण्यात वेळ घालवू नका. १५ ग्रॅम जलद साखर द्या: तीन भरलेले चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच. वर आल्यावर, जेवणाला तासापेक्षा जास्त वेळ असेल तर एक फुलका किंवा कपभर दूध. पेढा, चॉकलेट, बिस्कीट, लाडू यांचा इथे उपयोग नाही, तुपा-चरबीमुळे त्यांची साखर उशिरा रक्तात येते. आणि घाबरून अर्धा डबा साखर खाऊ घालू नका, दोन तासांनी ३५० होते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आईच्या गोळ्यांत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस आहे का पाहा. आपल्याकडे ही औषधे इतर गोळ्यांबरोबर मिसळून सर्रास दिली जातात. ती साध्या साखरेचे पचन अडवतात, त्यामुळे हायपोमध्ये, म्हणजे शुगर खाली गेल्यावर, घरातली साखर लवकर लागू पडत नाही. ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. अशा घरात ग्लुकोजचा डबा कायम हवा. आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या) अजून चालू असेल तर जेवणाचे इन्सुलिन सुरू झाल्यावर ती ठेवायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दोन्ही मिळून शुगर खाली जाण्याचा धोका वाढतो. मेटफॉर्मिन सहसा चालू राहते.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, साखरेचे पाणीही नाही, ते फुप्फुसात जाते. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. घरात ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारे औषध) असेल आणि द्यायला शिकवले असेल तर द्या.

आता उपास. नियम सोपा: जेवण नाही तर जेवणाचे इन्सुलिन नाही, पण रात्रीचे ग्लार्जिन चालूच. पूर्ण दिवस लंघन असेल तर ग्लार्जिन किती कमी करायचे हे दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारा. पण आपला उपास बहुतेक वेळा उपास नसतो. साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा ५२ ग्रॅम कर्बोदके देतो, त्यात अर्धा बटाटा, बरोबर रताळ्याचा कीस घेतला तर सत्तरी ओलांडली. म्हणजे एकादशीच्या खिचडीला पूर्ण सहा युनिट लागतात, ‘आज उपास आहे, इंजेक्शन नको’ म्हणणाऱ्याची शुगर दुपारी ३५० दिसते. शेंगदाण्याच्या कुटामुळे आणि तुपामुळे ती उशिरा, तीन-चार तासांनी चढते. दोन तासांचा आकडा बघून समाधान मानू नका. भगर बरी, पन्नास ग्रॅमला ३३-३५ ग्रॅम, आणि दह्याबरोबर खाल्ली तर पोटही भरते.

संकष्टीची गोष्ट वेगळी. दिवसभर फळे-दूध आणि चंद्रोदयानंतर, कधी नऊ तर कधी दहाला, मोदकांसह जेवण. रात्री पावणेदहाला घेतलेल्या रेग्युलरचा जोर मध्यरात्री येतो. त्या रात्री मोदकासाठी डोस वाढवू नका, एक मोदक घ्या आणि भात सोडा. झोपताना आणि पहाटे एकदा तपासा. निर्जळ उपास इन्सुलिनवरच्या माणसाने करू नये, हे आईंना मायेने पण ठामपणे सांगा. पुरणपोळीच्या दिवशी पीठ, डाळ, गूळ मिळून एका पोळीचे सहज ५० ग्रॅम होतात. एक पुरणपोळी, कटाची आमटी, भाजी, आणि भाताला रजा: ताट पुन्हा सहा युनिटमध्ये आले.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली दोन तासांचा आकडा खरोखर खाली आणते, ती रोज असू द्या. पण दुपारच्या डोसानंतर तीन तासांनी तासभर भरभर फिरायला जाणार असतील तर निघण्याआधी तपासणी आणि खिशात ग्लुकोज. सवय अशी लागली की त्या दिवसाचा आधीचा डोस एखाद्या युनिटने कमी करता येतो.

आजारपणात, विशेषतः उलट्या-जुलाबात, दर तीन-चार तासांनी शुगर बघा. खाणे नसेल तर जेवणाचा डोस थांबवा, ग्लार्जिन आपल्या मनाने बंद करू नका. उलट्या थांबत नाहीत आणि शुगर ३०० वर आहे, किंवा श्वास जोरात चालला आहे, किंवा आई सुस्त झाली आहे, तर घरगुती उपाय नको, रुग्णालय. पायावर सूज, लघवी कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेले असे असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त काळ टिकते आणि तोच डोस अचानक जास्त होऊ लागतो. कारण नसताना वारंवार शुगर खाली जाऊ लागली तर क्रिएटिनिन तपासून घ्या. ‘मधुमेह बरा होतोय’ असे समजून आनंद मानण्याची ती वेळ नसते.

साठवण. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात, फ्रीझरच्या भिंतीला टेकून कधीच नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून पुन्हा स्वच्छ दिसले तरी फेकायचे. वापरातली बाटली किंवा पेन खोलीत ३० अंशांखाली चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवा. थंडगार इन्सुलिन टोचताना झोंबते, म्हणून वापरातले बाहेर ठेवणेच बरे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीच ४० ला जाते, आणि वीजही जाते. तिथे मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात झाकणबंद डब्यात इन्सुलिन, वर ओले फडके, आणि हे सगळे वारा लागेल अशा सावलीत. कोरड्या हवेत ही युक्ती छान चालते. कोकणात, गोव्यात दमट हवेमुळे पाणी उडत नाही आणि मडके तितके गार होत नाही, तिथे थर्मासमध्ये बर्फाच्या पाकिटाभोवती टॉवेल गुंडाळून ठेवणे जास्त भरवशाचे. एसटीच्या प्रवासात पिशवी मांडीवर, डिकीत नाही. स्वच्छ इन्सुलिनमध्ये गढूळपणा, कण किंवा तंतू दिसले तर ती बाटली संपली समजा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, फिनाइलच्या रिकाम्या बाटलीत, टोपण घट्ट लावून जमा करा आणि भरली की दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत नेऊन द्या. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई कामगाराच्या तळहातात शिरते.